एक्सरसाइज रोडगा

मे महिन्यातला दुसरा रविवार. स्थळ नवेगाव बांध, तलावाचा काठ, आमराईची सावली. हजेरी चार. रिपोर्टिंग टाइम सकाळी सात.

ही ऑर्डर सुभेदार किसन यांनी मला आदल्या संध्याकाळी सहा वाजता फोनवर वाचून दाखवली. दोनदा वाचली. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी ते जेवणाच्या आमंत्रणालाही मूव्हमेंट ऑर्डर म्हणतात. दर उन्हाळ्यात होणाऱ्या आमच्या या सहलीचं नाव त्यांनीच ‘एक्सरसाइज रोडगा’ ठेवलं आहे. ईशान, तारा, तुम्हा नातवंडांसाठी सांगते, रोडगा म्हणजे जाड कणकेचा गोळा. तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचा आणि वांग्याच्या तिखट भाजीबरोबर खायचा. तुमच्या गावी हे मिळत नाही. तुम्ही आलात की करू.

चौघांची ओळख करून देते. किसन सुभेदार याच गावचे. त्यांची पत्नी सुमन, स्वयंपाकाची प्रमुख. हवालदार जगताप साताऱ्याकडचे, किसनच्याच पलटणीतले सिग्नल ऑपरेटर. ते दरवर्षी दोन गाड्या बदलून येतात. चौथी मी. एक्केचाळीस वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका फील्ड हॉस्पिटलमध्ये मी नर्सिंग ऑफिसर होते, कॅप्टनच्या हुद्द्यावर. किसन तेव्हा नाईक होते. हिमदंशानं त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. ड्रेसिंग मी करायची. मी गोंदिया जिल्ह्यातली आहे हे कळल्यावर त्यांनी वेदनेची तक्रार बंद केली आणि जेवणाची सुरू केली. मैत्री तिथून.

मी सहा पन्नासला पोचले. जगताप आधीच हजर होते, इस्त्रीच्या शर्टात. किसन सव्वासातला आले.

“साब, ऑर्डर सातची होती,” जगताप म्हणाले.

“मी यजमान आहो. यजमान उशिरा नाही येत, पाहुने लवकर येतेत.”

“गेल्या साली साडेआठ वाजवले होते.”

“मंग सुधारलो न.”

सुमननं गोवऱ्या रचल्या. मी वांगी चिरली. टरबूज पोत्यात बांधून पाण्यात सोडलं, गार होण्यासाठी. दहा वाजता पन्हं, अकराला पोहणं. पोहणं म्हणजे तिघांनी गुडघाभर पाण्यात बसून एकमेकांना वय विचारणं. किसन कोहळी आहेत. तलाव बांधण्यात त्यांच्या लोकांचा हातखंडा होता, आणि हा तलाव खासगी मालमत्ता असल्यासारखे ते बोलतात.

“हे पानी माह्या आज्याच्या आज्यानं अडवलं, जगताप. तुमी पश्चिमवाले. तुमाले धरन बांधाले सरकार लागते.”

“मग आंघोळीला परवानगी अर्ज करावा लागंल का, साब?”

“तीन प्रतींत.”

साडेबाराला जेवण. मी तीन रोडगे खाल्ले. हे तुमच्या आईला सांगू नका.

संध्याकाळच्या फेरीसाठी मासे आणि चारं हवी होती. चारं म्हणजे चारोळीची फळं, काळी, बोराहून लहान, गोड. पलीकडच्या काठावर किसनच्या साडूनं ती राखून ठेवली होती. रस्त्यानं मोठा वळसा पडतो. डोंग्यानं, म्हणजे कोरलेल्या लाकडी होडीनं, एक तास.

“एवढ्या उनात कायले जाता?” सुमन म्हणाली. “चाराले काय पाय फुटले?”

“मी याच पान्यात वाढलो.”

“तवा दात होते तुमाले.”

एक पन्नासला ते निघाले. तुम्ही दिवाळीला पाठवलेल्या दोन वॉकीटॉकी हँडसेटपैकी एक त्यांच्या गळ्यात होता. दुसरा जगतापांकडे. पलीकडे मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे तुमच्या भेटीवर जगताप फार खूश होते. त्यांनी कॉलसाइन ठरवले होते आणि शाळेच्या वहीत रीतसर लॉग आखला होता. वेळ, मजकूर, शेरा.

तीन पाचला मेसेज आला. मी आणि सुमन तेव्हा खाली पाण्याशी टरबूज फोडत होतो. तो मी ऐकला नाही. पुढचं संभाषण जगतापांनी सांगितलेलं आहे.

“रोडगा वन, धिस इज रोडगा टू. मेसेज. ओव्हर.”

“रोडगा टू, सेंड. ओव्हर.”

“चारं भेटले. मरळ भेटली. मी आता निंगून राहिलो. ओव्हर.”

“राहिलात? कन्फर्म करा. ओव्हर.”

“हो हो, राहिलो. आउट.”

तीन पस्तीसला वारा पडला. आमराईतलं एक पान हलेना. मग पश्चिमेच्या टेकड्यांमागून आभाळ वर आलं, तांब्याच्या रंगाचं. मी सैन्यात डोंगर पाहिले, वाळवंट पाहिलं, पण पाण्यावरून चालत येणारं वादळ मी पहिल्यांदा पाहत होते. तलावाच्या पलीकडच्या अर्ध्या भागाचा रंग बदलला. दोन रंगांमध्ये सरळ रेषा होती, जणू कुणी पट्टी ठेवून आखलेली. ती रेषा आमच्याकडे सरकत होती. पाणकोंबड्या एकदम उडाल्या आणि आमच्या डोक्यावरून गेल्या. मी टरबुजाची फोड हातात धरून उभी राहिले. इतकं मोठं काही समोर आलं की माणूस घाबरायचंही विसरतो, हे मला त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं.

सुमन विसरली नव्हती.

“हे कुठं हायेत?”

“काळजी नको, वहिनी,” जगताप म्हणाले. “साब पलीकडंच राहिलेत. मेसेज आलाय. मी कन्फर्म केलं.”

सुमनच्या जिवात जीव आला. ती चूल झाकायला वळली. मी लॉग मागितला. संशय नव्हता. ड्यूटी बदलताना रजिस्टर वाचायची सवय आहे, एवढंच.

शेऱ्यात लिहिलं होतं: पलीकडेच मुक्काम. मजकुरात लिहिलं होतं: निंगून राहिलो.

“जगताप, ते असंच म्हणाले? याच शब्दांत?”

“शब्दाला शब्द, मॅडम. मजकुरात मी आपलं काही घालत नाही. निघायचं राहिलं, असंच ना?”

मुलांनो, पुण्या-साताऱ्यात ‘राहिलो’ म्हणजे थांबलो. निघायचं राहिलं म्हणजे निघणं झालंच नाही. आमच्या झाडीपट्टीत मात्र ‘जेवून राहिलो’ म्हणजे जेवतो आहे. ‘निंगून राहिलो’ म्हणजे निघतो आहे, या क्षणी, पाय डोंग्यात आहे. जगताप आणि किसन यांची आयुष्यभराची भाषा हिंदी. पलटणीत तीच चालायची. किसनची घरची बोली आनंदाच्या भरात बाहेर आली होती, मरळ मिळाली म्हणून.

“ते निघाले आहेत,” मी म्हणाले. “तीन पाचला. आता मध्यावर असतील.”

जगतापांनी सेट उचलला. “रोडगा टू, रोडगा टू, धिस इज रोडगा वन. ओव्हर.” खरखर. “रोडगा टू, कम इन. ओव्हर.” खरखर. त्यांचा आवाज बदलला नाही.

रामाजी नावाचे एक वयस्क ढिवर काठावर जाळं दुरुस्त करत बसले होते. मासेमारी हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. मी धावत गेले. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं नाही. विचारलं, “किती वाजता निंगला?” मी वेळ सांगितली. ते उठले, तोंड वाऱ्याकडे केलं, मग पाण्याकडे पाहिलं. पाच सेकंद लागले असतील.

“मधात नाही भेटनार तो. वाऱ्यानं तिकडं बेशरमाच्या झुडपात लोटला असंन. चाल रे, किस्ना.”

किस्ना म्हणजे त्यांचा भाऊ. दोघांनी डोंगा ढकलला तेव्हा ती रेषा आमच्यापर्यंत पोचली. आमराई गरजली. चुलीची राख उडून आमच्या अंगावर आली. पाऊस आडवा होता. दहा पावलांवरचं दिसेना. ते दोघं कुठे गेले तेही दिसेना.

वेळ तीन सत्तेचाळीस. सुमननं माझा दंड धरला होता. जगताप पावसात उभे राहून दर मिनिटाला कॉल देत होते आणि लॉगमध्ये लिहीत होते: नो रिप्लाय. शाई वाहून जात होती, तरी लिहीत होते.

चार एकवीसला डोंगा दिसला. त्यात तीन माणसं होती. रामाजी सरळ त्या झुडपांकडे गेले होते आणि किसन तिथेच होते, उलट्या डोंग्याला छातीशी धरून. आंधळ्या पावसात रामाजींनी माणूस शोधला होता, आणि वर आल्यावर ते जाळ्याची चौकशी करत होते, उडालं तर नाही ना. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले.

किसनची नाडी एकशे बारा. ओठ निळसर. मी ओले कपडे काढायला लावले, सतरंजीत गुंडाळलं, थर्मासमधलं गरम पाणी गूळ घालून दिलं. दहा मिनिटांनी ते बोलले.

“मॅडम, मरळ गेली.”

“जाऊ दे.”

“मोठी होती हो.”

सुमननं त्यांच्या पाठीत एक धपका घातला आणि मग रडायला लागली.

साडेपाचला आभाळ स्वच्छ झालं. निखारे विझले होते, पण सुमननं चूल झाकल्यामुळे रोडगे राखेत कोरडे होते. रामाजी आणि किस्ना आमच्याबरोबर जेवले. रमची बाटली सूर्यास्ताआधी उघडू नये हा आमचा नियम आहे. त्या दिवशी किसननी तो मोडला आणि पहिला पेला रामाजींना दिला. हसणं सुरू झालं. फक्त जगताप जेवत नव्हते.

“जगताप, झालं ते झालं,” किसन म्हणाले. “मी बी येडाच. हो हो राहिलो म्हनलं.”

“साब,” जगताप म्हणाले, “उतरून राहिलो म्हणजे काय?”

“म्हंजे उतरतो आहो. खाली येतो आहो. काऊन?”

जगतापांनी ताट बाजूला ठेवलं.

“मनसाराम हेच म्हणाला होता.”

हे नाव आम्ही फारसं काढत नाही. लान्स नाईक मनसाराम, डोंगरातल्या त्याच कॅम्पचा लाइनमन, गाव देवरी तालुक्यातलं, जंगलाच्या आत. घरी गोंडी आणि झाडीबोली. वय चोवीस. एका दुपारी वरच्या चौकीची टेलिफोन लाइन तुटली, ती जोडायला तो एकटा गेला. वर एक दगडी झोपडी होती. दोन वाजता हवा बिघडली. जोडलेल्या लाइनवरून आलेला त्याचा शेवटचा मेसेज जगतापांनी घेतला. साताऱ्याकडे गावाला जाऊन कुणाकडे उतरतात, म्हणजे मुक्काम करतात. ‘उतरून राहिलो’ ऐकून जगतापांनी रिपोर्ट केला की मनसाराम झोपडीत मुक्कामाला आहे. किसन तेव्हा माझ्या वॉर्डात होते. मूळ शब्द आम्हा दोघांच्याही कानावर कधी आले नाहीत.

दुसऱ्या सकाळी तो झोपडीत सापडला नाही. कॅम्पच्या कुंपणाच्या तारेपासून दोनशे पावलांवर सापडला. सगळे म्हणाले, उंचीनं डोकं फिरलं असावं, नाहीतर सुरक्षित जागा सोडून कोण निघेल. घरी गेलेल्या पत्रातही तसंच होतं.

मला एक गोष्ट नोंदवायची आहे. त्या दुपारी कुणालाही वर पाठवणं शक्य नव्हतं. दोघांनी दोर बांधून प्रयत्न केला, त्यांना वीस पावलांवरून ओढून आणावं लागलं. मेसेज बरोबर कळला असता तरी बहुधा तेच घडलं असतं. मी हे जगतापांना सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, दिवा तरी लावला असता.”

किसननी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “म्हंजे तो भरकटला नव्हता. तो येत होता. तसल्या बर्फात दोनशे पावलांवर आला गडी.”

मी ते अंतर मनात चालून पाहिलं. झोपडीपासून तारेपर्यंत, त्या उतारावरून, समोरचं काही न दिसता. मला ते जमलं नाही.

“त्याची बहीन हाये,” किसन म्हणाले. “फुलाबाई. गावातच असते.”

सोमवारी सकाळी सहाला मी जगतापांना घेऊन गाडी काढली. देवरीहून पुढे कच्चा रस्ता. फुलाबाई अंगणात मोहफुलं वाळवत होत्या. मनसारामपेक्षा दोन वर्षांनी लहान, म्हणजे आता साठी ओलांडलेल्या. त्यांनी खाट टाकली, आम्हाला तांदळाची गार पेज दिली, सोबत आंब्याची चटणी. पेला रिकामा होईपर्यंत काम विचारलं नाही.

जगताप उभे राहूनच बोलले. रिपोर्ट द्यावा तसं, वेळेसकट. काही लपवलं नाही.

“कसं म्हनला तो?” फुलाबाईंनी विचारलं. “जसं म्हनला तसंच सांगा.”

“मी उतरून राहिलो. ओव्हर.”

त्या हसल्या. “तसंच म्हने तो. टेंभराच्या झाडावर चढे. माय खालून हाका मारे, त वरून म्हने, उतरून राहिलो, उतरून राहिलो. उतरेच मंग. मले त्या कागदाचं कधी पटलं नाही. डोकं कायले फिरंन त्याचं?”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग जगतापांकडे पाहिलं.

“मंग तुमी काय म्हनलं त्याले?”

“रॉजर म्हणालो.”

“म्हंजे?”

“म्हणजे, समजलं.” जगतापांचा आवाज आता मात्र फुटला. “समजलं नव्हतं, बाई.”

फुलाबाईंनी पेजेचं भांडं उचललं आणि त्यांचा पेला पुन्हा भरला.

“आता समजलं न,” त्या म्हणाल्या. “बसा. प्या.”