उजव्या नाकपुडीतली चामखीळ

“हा साधा पॉलिप नाही. इन्व्हर्टेड पॅपिलोमा आहे,” अमरावतीचे नाक-कान-घशाचे डॉक्टर बायोप्सीचा रिपोर्ट वाचून म्हणाले. पॉलिप म्हणजे नाकात वाढणारा मऊ कोंब, आणि बायोप्सी म्हणजे नाकातला छोटा तुकडा काढून केलेली तपासणी. मी मान हलवली. बायकोनेही हलवली. कळलं दोघांनाही काही नव्हतं.

मग त्यांनी नीट समजावलं. ही चामखिळीसारखी वाढ असते, पण बाहेर फुगण्याऐवजी आत, हाडाच्या दिशेने वाढते. हा कॅन्सर नव्हे. “पण थोड्या लोकांत हिच्या आत कॅन्सर लपलेला असू शकतो. पूर्ण गाठ काढून तपासली की मगच खात्रीने सांगता येईल.” आधीचं सगळं चांगलं बोलणं त्या एका वाक्याने धुऊन नेलं.

अकोल्यात आमचं गादी-रजईचं दुकान आहे. आम्ही पिंजारी, कापूस पिंजायचा धंदा बापजाद्यांपासूनचा. नाकात कापूस जाणारच, म्हणून सर्दीची कुणी दखल घेत नाही. काम आटोपलं की गुळाचा खडा तोंडात टाकायचा, धूळ उतरते, अशी आमची रीत. वर्षभर मी गूळ खात राहिलो. उजवी नाकपुडी बंद झाली, तरी गूळ. रुमालावर रक्ताचा ठिपका दिसू लागला, तरी गूळच. कापूस दोन्ही नाकपुड्यांत सारखाच जातो, मग एकच कशी बंद झाली, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. शेवटी बायकोनेच दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं.

“हे होतं कशानं?” मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, “काही जणांत एचपीव्ही सापडतो, म्हणजे चामखीळ उठवणाऱ्या विषाणूंपैकी एक. तुमच्यात तोच कारण आहे, असं मात्र सांगता येत नाही.” मी फक्त ‘विषाणू’ एवढंच ऐकलं.

कारण तिवस्याच्या एका लग्नाच्या आंदणाच्या गाद्या मी नुकत्याच भरून दिल्या होत्या. माझ्या हाताने, गळतं नाक बाहीला पुसत. नव्या नवरीला मी रोग दिला, हे मनाने घेतलं ते घेतलंच.

“काहून जीव जाळून राहिले? डॉक्टरले इचारा नं,” बायको म्हणाली. आमच्या घरात उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी चालते, पण ती रागावली की अस्सल वऱ्हाडीच. मी विचारलं नाही. सीटी स्कॅनसाठी पुन्हा अमरावतीला गेलो, तो संपताच एसटीने थेट तिवसा गाठलं. नवरीच्या वडिलांना म्हटलं, “पाटील, गाद्या परत द्या. नव्या कापसानं पुन्हा भरून देतो.”

“काहून जी? चांगल्या तं हायेत.”

मी सगळं सांगून टाकलं. ते जरा वेळ माझ्या नाकाकडे बघत राहिले. “डॉक्टरले इचारलं का तुमी?”

“नाही.”

“मंग आधी त्याले इचारा. मंग माह्या पोरीच्या गाद्या उसवा.”

तिथूनच दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर आधी हसले, मग म्हणाले, “गादीतून हे लागत नाही. गाद्या राहू द्या, तुम्ही तेवढे ऑपरेशनला वेळेवर या.” पाटलांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या एसटीत माझं मलाच उमगलं, गाद्यांचं नुसतं निमित्त होतं. मी भ्यालो होतो ते कॅन्सरला.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, नाकातूनच दुर्बीण घालून झालं. चेहऱ्यावर कुठे चीर नाही. गाठ जिथून उगवली, तिथलं हाडही डॉक्टरांनी घासून काढलं, म्हणजे मूळ राहायला नको. शुद्धीवर आलो तेव्हा नाकात बोळे, घसा कोरडा ठण्ण आणि श्वास तोंडाने. बोळे काढताना डोळ्यांतून पाणी आलं. पण त्यामागून गार वारा थेट टाळूपर्यंत गेला, आणि मी नर्सताईंना उगाचच दोनदा “धन्यवाद” म्हटलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची एकच नाकपुडी महिनोन्‌महिने बंद असेल, त्यातून अधूनमधून रक्त येत असेल, तर घरगुती उपायांवर बसून राहू नका. दुर्बिणीने बघून घ्या. ही गाठ परत येऊ शकते, म्हणून मी अजूनही तपासणीला जातो. खारट पाण्याने नाक धुतो. पिंजताना तोंडाला फडकं बांधतो. त्याने गाठ टळत नाही म्हणे, पण धूळ तरी टळते.

पूर्ण गाठीचा रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघंच गेलो होतो. डॉक्टरांनी शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, “कुठेही कॅन्सर नाही.” मी उभ्याउभ्याच टेबलाला धरलं. बायकोने मला खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं, आणि मग पदर तोंडाला लावून हमसून रडायला लागली.

“अवो, चांगलं झालं तं आता रडून राहिली?” मी म्हटलं.

“आता नाई तं कवा?” ती म्हणाली. “आधी रडली असती तं तुमाले कोनं धरलं असतं?”