वाळवंटातली परवडणारी मैदानं

"महाग म्हणजे न शोधलेलं," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना चष्मा कपाळावर चढवायचे. टोकियोलगतच्या ग्योतोकु स्टेशनाजवळच्या सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी साडेसातनंतर अर्ध्या किमतीची स्टिकरं लागतात. ती कोणत्या फळीपासून लागायला सुरुवात होते, हे त्यांना ठाऊक होतं. ग्योतोकुत नव्याने आलेल्या बहुतेक मराठी घरांना ही माहिती त्यांच्याकडूनच मिळाली आहे. मलाही मिळाली. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्याकडून आपण सगळं शिकून घेतो आणि त्याची पाठ वळली की त्याला चिकटरावही आपणच म्हणतो.

त्यांचं नाव मी इथे देत नाही. नाव दिलं तर बँकेचं द्यावं लागेल, बँकेचं दिलं तर आमच्या जीएमचं, आणि मग माझी जीभ ताब्यात राहायची नाही. आधीच सांगून ठेवते, हे मी रागाने लिहिते आहे. दीड वर्ष होऊन गेलं तरी राग उतरलेला नाही, आणि त्यातला बराचसा माझा माझ्यावरच आहे.

मी मुंबईहून बदलीवर आलेली अधिकारी. घराचं भाडं बँक भरते, मुलाच्या शाळेची फी बँक भरते, वर्षातून एकदा घरी जायचं तिकीटही बँकच काढते. ते मात्र इथे नेमलेले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी पुण्यात जपानी शिकून टोकियोला आले आणि आमच्या शाखेत चिकटले. कागदोपत्री 'लोकल स्टाफ'. सोलापूरचा माणूस टोकियोत लोकल, आणि मुंबईची मी फॉरेन पोस्टिंगवर. हा विनोद त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितला होता. मी हसले होते.

जपानी ऑफिसात प्रत्येक समारंभाला एक कान्जी असतो. कान्जी म्हणजे सगळी व्यवस्था पाहणारा. जागा ठरवायची, कोण कुणाशेजारी बसणार ते ठरवायचं, शेवटी सगळ्यांच्या छत्र्या मोजून आणायच्या. इथल्या रीतीप्रमाणे हे काम आळीपाळीने येतं, आणि कान्जी इतरांबरोबर पंगतीला बसतो. आमच्या शाखेने ही रीत अर्धीच उचलली. तेरा वर्षं तेच कान्जी होते. बाकीच्यांनी जेवायचं आणि त्यांनी वाढायचं, असा आमचा कारभार.

त्यांचं सगळ्यात मोठं काम फेब्रुवारीतलं. बँकेचे जे बडे जपानी ग्राहक, त्यांना दरवर्षी आखातातल्या एका पर्यटनाच्या शहरात गोल्फ खेळायला न्यायचं. टोकियोत तेव्हा गवत पिवळं पडलेलं असतं आणि बोटं गारठतात, म्हणून पाहुणे खूश. पण मुंबईहून मंजूर होणारा खर्च बेताचा, आणि पाहुण्यांची अभिरुची अजिबात बेताची नाही. त्यात ते शहर वाळवंटात. तिथे हिरवळ जगवायची म्हणजे पाण्यावर पैसा ओतायचा, आणि तो खेळणाऱ्याकडून वसूल करायचा. त्यात पुन्हा फेब्रुवारी म्हणजे तिथला ऐन मोसम. कुठल्याही नावाजलेल्या क्लबाचा दर ऐकून भोवळ यावी.

हे तिथे परवडणारी मैदानं शोधून काढत. तिथली सकाळ म्हणजे आपली दुपार, म्हणून जेवणाच्या सुट्टीत डबा टेबलावर उघडून एका हाताने पोळी मोडत आणि दुसऱ्या हाताने फोन धरत. उजाडताना पहिल्यांदा मैदानात उतरणाऱ्यांना कुठे सूट आहे, कुठल्या क्लबाचे नऊ होल दुरुस्तीसाठी बंद आहेत आणि म्हणून उरलेले नऊ निम्म्या दरात देतात, सगळं त्यांच्या वहीत असायचं. मला म्हणायचे, "मॅडम, क्लबाच्या पाटीकडे बघूच नका. विमान कंपनीचे मेकॅनिक सुट्टीच्या दिवशी कुठे खेळतात ते विचारा. तिथे गवत चांगलं असतं आणि माजही नसतो."

ते स्वतः त्या शहरात एकदाही गेलेले नव्हते. तरी पाहुण्यांना निघताना बजावायचे, "तिसऱ्या होलला उजवीकडे मारू नका, तिकडे हॉटेलचं बांधकाम चालू आहे." पाहुणे परत येऊन सांगायचे की खरंच चालू होतं.

ही खबर त्यांना देणारा माणूस म्हणजे मुकादमभाई. मूळ रत्नागिरीकडचे, चाळीस वर्षं आखातात. शहराबाहेर एक जुनं वाळूचं गोल्फ मैदान आहे, ते सांभाळतात. वाळूचं म्हणजे अक्षरशः वाळूचं, गवताची एक काडी नाही. एरवी होलभोवती जिथे हिरवळ असते तिथे तेल घालून चोपलेली तपकिरी वाळू. खेळणारा आपल्याबरोबर हिरव्या चटईचा एक तुकडा घेऊन हिंडतो, चेंडू जिथे पडेल तिथे तुकडा अंथरतो, त्यावर चेंडू ठेवून मारतो, आणि चटई उचलून पुढे. हे ऐकल्यापासून आमचा माणूस त्या मैदानाच्या प्रेमात पडला होता. दोघांची ओळख फोनवरची. दहा-अकरा वर्षं रोज उठून गप्पा नसतील, पण एकमेकांच्या मुलींची लग्नं दोघांना तारखेसकट माहीत होती.

एका रविवारी सकाळी मी आमच्या इमारतीमागच्या बागेत गेले, तर हे लहान मुलांच्या वाळूच्या हौदात उभे. पायाशी घरसामानाच्या दुकानातून कापून आणलेला हिरव्या चटईचा हातभर तुकडा. बाकावर वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, थर्मास घेऊन बसलेल्या. मी विचारलं, "हे काय चाललंय?" वहिनी म्हणाल्या, "वाळवंटाची तयारी. कुणी मूल घेऊन आलं तर मी हाक मारायची, म्हणून मला पहाऱ्यावर बसवलंय." ते प्लॅस्टिकचा पोकळ चेंडू मारत होते आणि प्रत्येक फटक्यानंतर पोरांच्या छोट्या फावड्याने वाळू पुन्हा सारखी करत होते. अठ्ठावन्न-एकोणसाठ वर्षांचा गृहस्थ. मला हसू आलं, आणि तेही हसले.

साठाव्या वर्षी, मार्चअखेर, ते निवृत्त होणार होते. त्याआधीच्या डिसेंबरात वर्षअखेरच्या पार्टीत आमचे जीएम ग्लास हातात घेऊन उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "यंदा कान्जीसाहेब आमच्याबरोबर वाळवंटात येणार. शेवटचं वर्ष आहे. पक्कं." टाळ्या झाल्या. ते उठून जपानी पद्धतीने कमरेत वाकले, आणि बसताना त्यांना खुर्ची सापडेना.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी यादी करायला घेतली. चार-चारांचे गट पाडायचे असतात, कुणाचं कुणाशी पटतं ते बघून. शेवटच्या गटात चौथं नाव त्यांनी स्वतःचं लिहिलं, इतरांच्यापेक्षा बारीक अक्षरात. शेवटच्या दिवशी वाळूचं मैदान ठेवलं. मला टोपी दाखवायला आणली. "खाकी होती दुकानात, पण वाळूत दिसायची नाही. पांढरी बरी ना?" मी बरी म्हटलं.

जानेवारीत जीएमनी मला केबिनमध्ये बोलावलं. यादी समोर होती आणि बारीक अक्षरातल्या नावावर रेघ मारलेली होती.

"लोकल स्टाफला परदेश प्रवासाची तरतूद नाही," ते म्हणाले. "हेड ऑफिस विचारेल. तुमचं नाव टाकतो."

"सर, मला गोल्फ येत नाही."

"खेळायचं कुठे आहे? पाहुण्यांकडे लक्ष द्यायचं. आपला ऑफिसर असला की बरं दिसतं."

"पण तुम्ही सगळ्यांसमोर शब्द दिला होता."

"पार्टीतलं बोलणं हो ते. त्यांनाही कळतं. आणि तुम्ही नाही गेलात तर सीट रद्द होईल, त्यांना काही मिळणार नाही."

मी वाद घातला. साधारण तीन मिनिटं. मग माझा बदलीचा अर्ज आठवला, तो याच माणसाच्या सहीने पुढे जाणार होता, आणि मी "ठीक आहे, सर" म्हणाले. शाखेत सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांनी अळीमिळी गुपचिळी केली. तुम्ही म्हणाल, मी नाही म्हणायला हवं होतं. हवंच होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच.

त्यांना मीच जाऊन सांगितलं. ते डबा खात होते. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "बरं. मग तुमच्या पासपोर्टची प्रत लागेल."

"तुम्हाला राग येत नाही?" मी जवळजवळ ओरडलेच. त्या क्षणी मला जीएमपेक्षा त्यांचाच राग आला होता.

"येतो ना," ते म्हणाले. "पण मॅडम, रागाच्या भरात यादी चुकली तर राग कुणाला दिसत नाही. चूक तेवढी दिसते."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फाइल दिली आणि एक खोका दिला, चेस्टनट घातलेल्या जपानी मिठाईचा, सुरेख कागदात बांधलेला. "मुकादमभाईंना द्या. साखर आहे त्यांना, एकदम खाऊ नका म्हणावं."

तिथे सगळं घड्याळासारखं झालं. पहाटे गाड्या हजर, मैदानं रिकामी, शाकाहारी पाहुण्याचा डबा वेगळा. दुसऱ्या दिवशी जेवताना सगळ्यात ज्येष्ठ पाहुणे म्हणाले, इतक्या गर्दीच्या मोसमात अशी मैदानं मिळवणं ही कमाल आहे. जीएम नम्रपणे हसले. "थोडा शोध घ्यावा लागतो," म्हणाले. मी समोरच बसले होते. लिंबाचं सरबत पीत होते.

शेवटच्या दिवशी जीएमनी वाळूचं मैदान रद्द केलं. "वाळूत काय खेळायचं? मुलांना घेऊन जायचं ते." सगळे मॉलमध्ये गेले. मी खोका घेऊन टॅक्सी केली.

तासभर लागला. एक पत्र्याची शेड, एक पाण्याची टाकी, आणि पुढे नजर जाईल तिथवर वाळू. मुकादमभाई इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. ठेंगणे, पांढरी दाढी. टॅक्सीतून मी एकटीच उतरले तेव्हा ते माझ्या मागे बघत राहिले, गाडीतून अजून कुणी उतरतंय का.

"जपानवाले भाई?"

मी सांगितलं. जेवढं सांगायला जीभ वळली तेवढं सांगितलं.

त्यांनी खोका दोन्ही हातांनी घेतला आणि टेबलावर ठेवला. टेबलावर आधीच एक डबा होता. मुकादमभाईंच्या बायकोने पहाटे उठून जपानवाल्या भाईंसाठी सांदणं केली होती. बाहेर पहिल्या होलची तपकिरी वाळू नुकतं तेल घालून चोपलेली, तिच्यावर एकाही पावलाचा ठसा नव्हता. "सकाळपासून कुणाला जाऊ दिलं नाही तिथे," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "त्यांना यायला मिळालं नाही, मग तुम्ही कशाला आलात?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांनी ताटलीत सांदण वाढलं आणि मी ते खाल्लं. चांगलं झालं होतं.

मी टोकियोला परत आल्यावर कान्जींनी खूप विचारलं. मुकादमभाई दिसतात कसे, शेड किती मोठी, तेलाचा वास येतो का. मी सगळं सांगितलं, मुकादमभाईंचा तेवढा प्रश्न सोडून. मार्चअखेर निरोप समारंभ झाला. फुलांचा गुच्छ, जीएमचं भाषण, फोटो. त्या समारंभाची जागाही त्यांनीच ठरवली होती, कारण दुसऱ्या कुणाला ठरवता येत नव्हती.

पुढच्या जानेवारीत पुन्हा फेब्रुवारीची धावपळ सुरू झाली. नवा कान्जी म्हणून माझी नेमणूक झाली होती. चार क्लबांचे दर आणले, चारही दर पाहून जीएमनी कपाळाला हात लावला. "त्यांना विचारा ना," म्हणाले. "घरीच तर असतात. दोन फोन करायला काय लागतं?" गरज सरली तेव्हा वैद्याला गुच्छ देऊन मोकळे झाले, आता पुन्हा गरज उभी राहिली. हे मी मनात म्हटलं आणि फोन उचलला.

"बोला, मॅडम," ते म्हणाले. आवाज नेहमीचा. मी काम सांगितलं.

"यंदा कोण कोण आहे?" त्यांनी विचारलं. कान्जी पहिल्यांदा हेच विचारतो.

मी यादी वाचू लागले. पहिला गट, दुसरा, तिसरा. एकेक नाव झालं की ते "हं" म्हणत होते. शेवटच्या गटात पोचले तेव्हा मला कळलं मी काय करते आहे, पण थांबता येईना. शेवटचं नाव माझं होतं. ते वाचलं.

या वेळी "हं" आलं नाही. ते अजून एका नावाची वाट बघत होते. यादी तिथेच संपली होती. मग ते अगदी सावकाश म्हणाले, "आता तुम्ही शोधा, मॅडम." फोन ठेवल्याचा आवाजही आला नाही, इतक्या हलक्या हाताने ठेवला.

त्यानंतर मी पुष्कळदा फोन केला. कामासाठी नाही. मला माफी मागायची आहे. दर वेळी वहिनी घेतात, माझ्या मुलाची चौकशी करतात, आणि म्हणतात, "ते बाहेर गेलेत." सकाळी करा, दुपारी करा, रविवारी करा, ते बाहेर गेलेले असतात. गेल्या महिन्यात वादळ आलं तेव्हा तोझाई लाइनच्या गाड्या बंद होत्या, चोवीस तास उघडं असणारं कोपऱ्यावरचं कोनबिनी दुकानसुद्धा बंद होतं, कुणीही घराबाहेर पडू नका असं नगरपालिका भोंग्यावरून सांगत होती. मी त्या दिवशी मुद्दाम फोन केला.

"ते बाहेर गेलेत," वहिनी म्हणाल्या.