रुखवतातलं जुनं यान

४ मे १९७८. सकाळी मैदा चाळला, त्यात कडकडीत तुपाचं मोहन घातलं, घट्ट गोळा मळला आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला. भाचीचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि रुखवतातलं यान अजून व्हायचं होतं.

रुखवतात लोक तुळशीवृंदावन करतात, बंगला करतात, फार तर मोटार. आकाशात जाणारं यान करायची वेळ माझ्यावर टीव्हीमुळे आली. आमच्या भोरच्या आळीत एका दुकानदाराकडे टीव्ही होता आणि रविवारी त्याच्या पडवीत सगळी आळी बसायची. तिथे एक परदेशी मालिका लागे. यानातून काही माणसं या ग्रहावरून त्या ग्रहावर जायची, उतरायची, भांडायची आणि परत यानात बसायची. बोलणं सगळं इंग्रजीत. कोण कोणाशी का भांडतंय ते आमच्यापैकी कोणालाच नीट कळत नसे. कळायचं ते यान. त्यामुळे लोकांचा जीव माणसांपेक्षा यानावर जास्त.

मग मालिका बंद झाली. वर्षभराने पुन्हा सुरू झाली तेव्हा माणसं तीच होती आणि यान दुसरं होतं. जुनं गोल पोटाचं होतं, आडव्या पडलेल्या कळशीसारखं, खाली तीन आखूड पाय. नवं लांब मानेचं, चपट्या डोक्याचं, बगळ्यासारखं. त्या रविवारी मालिका संपल्यावर पडवीतून कोणी उठलंच नाही. निम्मे म्हणाले फसवणूक झाली. निम्मे म्हणाले सुधारणा झाली. पुढे कित्येक आठवडे नळावर, पिठाच्या गिरणीत, एसटी स्टँडवर हाच विषय. दुकानदाराने आपलं मत सांगितलं नाही, कारण दोन्ही बाजू त्याचं गिऱ्हाईक होत्या.

माझी भाची जुन्या यानाची. ती माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, गाव वेल्ह्याकडे, कॉलेजसाठी माझ्याकडे राहायची. मुलगा नसरापूरचा, एसटीच्या डेपोत फिटर. बघण्याचा कार्यक्रम माझ्याच घरी झाला. मुलाच्या मामांनी त्याला म्हटलं, "काय विचारायचं आसंल तर विचार." तो म्हणाला, "टीव्हीवर ते यानाचं बघता का?"

"बघायचे," भाची म्हणाली. "नवं यान आल्यापासून बघवत नाही."

"नव्यात काय वाईट हाय?"

"ते उतरतं का कुठं? जुनं सरळ जमिनीवर टेकायचं. नव्यातली माणसं वरनंच खाली सोडतात, विहिरीत बादली सोडल्यागत."

पोहे गार झाले. मामा माझ्याकडे बघत होते आणि मी मामांकडे. मुलगा निघताना म्हणाला, "पसंत हाय, पण यानाबाबत न्हाई." भाचीने आत येऊन तेच सांगितलं.

साखरपुड्यात कोणीतरी बोलून गेलं, की मावशी रुखवतात यान करणार. चार दिवसांनी मामा निरोप घेऊन आले: यान करणार असाल तर नवंच करा, विहीणबाईंनी सांगितलंय, पोराला आवडतं.

बहीण घाबरली. "त्यांच्या मनासारखं कर गं. पोरीला तिथं जल्म काढायचाय."

भाची म्हणाली, "जुनंच. पहिलीच गोष्ट त्यांच्या मनासारखी झाली तर दुसरी मला विचारणार पण नाहीत."

दोघींचं म्हणणं मला पटलं. पण मला आधी लग्न लागलेलं हवं होतं, म्हणून मी नवं करायला घेतलं.

गोल वस्तू सोपी असते. वाटीच्या पाठीवर पारी बसवायची आणि वाटीसकट तेलात सोडायची. तळली की आपोआप सुटते. अशा दोन वाट्या पक्क्या पाकाने जोडल्या की पोट झालं. मानेचं तसं नाही. पहिली नळी तेलात वाकली. दुसरी सरळ तळली गेली, पण डोकं चिकटवल्यावर त्याच्या वजनाने मोडली. तिसरी मी जाड केली, तर ती बाहेरून लाल झाली आणि आतून कच्ची राहिली. तोपर्यंत मैदा संपत आला होता. उरलेल्यात मी जुनं यान केलं. पोट, चकलीचे तीन पाय, खिडक्यांना हलव्याचे दाणे. तासाभरात उभं राहिलं.

भाचीने येऊन बघितलं आणि माझ्या गळ्यात पडली. तिला वाटलं मी तिची बाजू घेतली. मी तसंच वाटू दिलं. कढई घासायची होती.

लग्न वेल्ह्याकडच्या गावात. यान बिस्किटांच्या मोठ्या डब्यात ठेवून मी डबा मांडीवर घेऊन एसटीने गेले. नसरापूरला गाडी बदलताना कंडक्टर म्हणाला, "बाई, डबा टपावर टाका." मी म्हटलं, "टपावर गेलं तर ते मोडंल, मग लग्न मोडंल." त्याने मला पुढची सीट दिली.

मुहूर्ताआधी नवऱ्याकडची मंडळी रुखवत बघायला आली. मी वरचा रुमाल काढला. विहीणबाई वाकल्या, मामा वाकले.

"हे जुनं हाय," मामा म्हणाले.

"आमी निरोप धाडला व्हता," विहीणबाई म्हणाल्या. बहिणीने मागून माझा दंड एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली.

मुलीचे चुलते पुढे आले. "जुनंच बरं हाय की. मजबूत."

"तुमी बघितलंय का टीव्हीवर?"

"डोंगराआड हितं टीव्ही येतोय कुठं? आमची पोरगी सांगती जुनं चांगलं, म्हंजे चांगलं."

मग सगळा मांडव त्यात पडला. वऱ्हाडातला डेपोचा एक मेकॅनिक म्हणाला, "आवं, बॉडी बदलली म्हणून गाडी बदलत न्हाई. इंजिन तेच हाय."

"मग त्याच्यावरचा नंबर का बदललाय?" हा वऱ्हाडातलाच दुसरा.

"पासिंग नव्यानं केलं आसंल."

"नव्याला दार कुठंय ते दाखवा. दार नसलेल्या गाडीत कप्तान शिरतो कुठनं?"

"कप्तान जाड झालाय, म्हणून तर मोठं यान घ्यावं लागलं."

गावातल्या ज्यांनी टीव्हीची पेटीसुद्धा पाहिली नव्हती ते एकमुखाने जुन्याच्या बाजूचे होते. वऱ्हाडात मात्र फूट पडली. विहीणबाईंचा धाकटा दीर जुन्याचा निघाला आणि विहीणबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला गेला. भटजी ओरडले, "मुहूर्त टळतोय! यान मागनं उडवा!" कोणी ऐकलं नाही.

गलका ऐकून नवरदेव स्वतः आला, बाशिंग बांधलेला. त्याने यानाभोवती एक फेरी मारली, वाकून सांधा बघितला आणि मला विचारलं, "मावशी, नवं करून बघितलं व्हतं का?"

"तीनदा. मान टिकत नाही."

"मावशी!" गौरीहरापुढे बसलेली भाची ओरडली. पूजेला बसलेल्या नवरीने ओरडू नये, पण ती ओरडली.

नवरदेवाने तिकडे बघितलं नाही. "नळी पोकळ केली व्हती?"

"केली. तेलात वाकली."

"मग दोष नळीचा हाय, यानाचा न्हाई."

"नळी यानाचीच आहे," मी म्हटलं.

मांडव हसला. तोही हसला आणि अंतरपाटाकडे गेला. लग्न लागलं. पण विहीणबाई हसल्या नव्हत्या. निघायच्या वेळी भाची बहिणीच्या पाया पडत असताना त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता आमच्या घरी आमचं यान व्हनार." भाचीने मान खाली घातली. बहीण माझ्या कानात म्हणाली, "बघितलंस? सुरू झालं." पाठराखीण म्हणून मी जाणार होते. दोन-तीन दिवस राहा, काय ते बघून ये, असं तिने दहा वेळा सांगितलं. वऱ्हाडाच्या टेम्पोत मी यान मांडीवर घेऊन बसले.

नसरापूरला पोहोचल्यावर भाची कोणाशी बोललीच नाही. विचारलं तेवढ्याला व्हय-न्हाई. मी म्हटलं, दमली असेल. माझा मलाच त्यावर विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून चुलीपाशी गेले, तर नवरदेव तिथे उभा. हातात तारेचा तुकडा, बगळ्याच्या मानेसारखा वाकवलेला. विहीणबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या, कारण त्यांच्या चुलीपाशी पुरुष यायची पद्धत नव्हती आणि आला होता तो लग्नाच्या दुसऱ्या दिवशी.

"मावशी, ह्या तारेवर पारी गुंडाळून तळा. मान कशी मोडती बघू."

मी मैदा मागितला. विहीणबाईंनी दिला, आपलं यान होतंय म्हटल्यावर नाही कशाला म्हणतील. मी मोहन घालत होते तेवढ्यात दारातून भाचीचा आवाज आला. त्या घरात तिने आपण होऊन काढलेलं ते पहिलं वाक्य.

"तारेवर तळलेलं खरं धरायचं नाही. तार खाता येती का?"

विहीणबाईंनी वर बघितलं. मी मोहन घालता घालता थांबले.

नवरदेवाने तारेकडे बघितलं, मग तिच्याकडे. "बरोबर हाय," तो म्हणाला आणि तार खिडकीबाहेर टाकली. "मग तू सांग कसं करायचं."

"मान आखूड करा."

"आखूड केल्यावर ते नवं ऱ्हाईल का?"

"तेच तर मी म्हणतेय."

विहीणबाई मला म्हणाल्या, "ह्यांचं हे आसंच चालायचं का वो आता?" मी म्हटलं, "लक्षण तसंच दिसतंय." त्यांनी उसासा टाकला आणि सुनेला म्हणाल्या, "उभी काय ऱ्हायलीस, लाटायला बस."

मान आखूड केली तरी मोडलीच. तळलेले तुकडे मी ताटात घेऊन चहाबरोबर सगळ्यांना दिले. जुन्या यानाला मुंग्या लागायला लागल्या होत्या, म्हणून तेही फोडलं आणि रीतीप्रमाणे भावकीत वाटायला विहीणबाईंच्या हवाली केलं. ती दोघं नवरा-बायको चुलीपाशी अजून मानेच्या जाडीवर बोलत होती. पाठराखणीचं तिथे काही काम उरलं नव्हतं. मी सोबत आणलेला माझा झारा धुऊन पिशवीत टाकला, रिकामा डबा काखेत मारला आणि भोरची एसटी धरली.