काळ्या बिअरचा चोथा

वडूजच्या पुढे माळावर राहणारा धुळा बिअरचे प्रकार सांगू लागला, की ऐकणाऱ्याला वाटावं हा जनावरांच्या बाजाराबद्दल बोलतोय. बिअरचा थेंब त्याने कधी चाखलेला नाही. त्याचा संबंध चोथ्याशी. माझा भाचा शंभूराज विश्रामबागेतला. बंगळुरूला बिअर करायला शिकला आणि साताऱ्याच्या कडेला त्याने छोटा कारखाना टाकला. त्याची आई, म्हणजे माझी ताई, अजून शेजारणींना 'फूड प्रोसेसिंग' असंच सांगते. बार्लीचा गोड रस काढून घेतला की मागे चोथा उरतो, आणि तो धुळा पिंपांत भरून मेंढरांना नेतो. सुरुवातीला वस्तीवर बभ्रा झाला, की आता धुळ्याची मेंढरं झिंगून लेझीम खेळणार. चोथ्यात नशा नसते, नशा पुढे रसात यीस्ट टाकल्यावर होते, हे शंभूने समजावलं. मेंढरं शुद्धीत राहिली. वस्ती जरा खट्टू झाली.

त्याच ओघात शंभूने त्याला प्रकार सांगितले. लागरचं यीस्ट तळाशी बसून थंडीत सावकाश काम करतं, एलचं वर फेसात चढतं आणि उबेत झटपट उरकतं. धुळ्याने मान डोलावली. "म्हंजे लागर ह्ये मेंढरू. खाली मान घालून गप चरतंय. आन येल म्हंजे शेळी. वर चढल्याबिगर तिला करमत न्हाई." गव्हाची बिअर गढूळ असते म्हटल्यावर तर त्याला काही विचारावंसंच वाटलं नाही. ताकही गढूळच असतं.

यंदाच्या उन्हाळ्यात माळावरचा चारा संपला. कळप जगवायचा तर चोथ्यावर, नाहीतर पावसाच्या आत विकायचा. धुळ्याच्या घराण्यात कळप विकलेला माणूस ऐकिवात नाही. नेमकी तेव्हाच शंभूने स्टाउट, म्हणजे काळी बिअर लावली. तिचा चोथाही काळा. झाकणबंद पिंपं धुळ्याने न बघता नेली आणि दिवेलागणीला ओतली.

मेंढरांनी तोंड लावलं आणि सगळी एकदम थांबली. वळली, आणि ओढ्याकडून येणाऱ्या पायवाटेकडे बघत उभी राहिली. वाटेवर कोणी नव्हतं. कुत्रं भुंकलं नाही. ते धुळ्याच्या बायकोच्या, तानुबाईच्या, पायांत येऊन शिरलं.

त्या दिवसापासून कळपाने खाणं जवळपास सोडलं. पांढरा चोथा नको, कडबा नको. जनावरांचे डॉक्टर तपासून गेले, म्हणाले, काही दोष नाही. दिवस मावळला की मेंढरं तशीच उभी राहायची. आधी माना ओढ्याकडे असायच्या, मग अलीकडच्या बाभळीकडे. रोज थोड्या थोड्या वळत होत्या. कुणीतरी अगदी सावकाश चालत घराकडे येत असावं, आणि मेंढरं तेवढी त्याला बघत असावीत, तशा.

धुळा रिकामी पिंपं घेऊन कारखान्यावर आला तेव्हा मी तिथेच होतो. चहासुद्धा नको म्हणाला. दाणा काळा कशाने, एवढंच त्याने विचारलं. शंभू म्हणाला, भाजल्याने. आणि भाजायच्या आधी? तर बार्ली भिजवून तिला मोड आणतात. मोडाची बार्ली नुसती वाळवली की लागरला चालते, करपेपर्यंत भाजली की स्टाउटला.

धुळा खालीच बसला.

त्यांच्या भावकीत मयत पोचवून परतताना भाजलेल्या जोंधळ्याची मूठ मागे वाटेवर टाकतात. टाकताना म्हणायचं, हे उगवेल तेव्हा परत ये. भाजलेलं कधी उगवत नाही, म्हणून गेलेला येत नाही. धुळ्याचे वडील, आबा, गेले त्याला अजून वर्षही झालेलं नव्हतं.

धुळ्याने मूठ उघडली. आत काळे दाणे होते. "ह्यो भाजल्याला हाय, आन उगवल्याला बी हाय. मीच घरात आनलाय."

"अहो धुळामामा, पण आधी उगवलाय, मग भाजलाय," शंभू म्हणाला.

"ते खरं, मालक. पर त्येंला कोन सांगनार?"

बंगळुरूच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं. धुळ्यानेच मग तोड काढली. दाण्याचं सत्त्व कारखान्याच्या टाकीत राहिलं आणि येणाऱ्याच्या वाट्याला आला चोथा. पाहुण्याला चोथ्यावर वाटेला लावलं तर तो जाईल कशाला? तर त्याला त्या दाण्याची काळी बिअरच पाजायची.

काळी बिअर अजून पिकत होती. तोवर म्हणून शंभूने लागर नेऊन वाटेवर ठेवली. तिचा फेस बघता बघता बसला आणि मेंढरांनी ढुंकून पाहिलं नाही. दाणाच वेगळा होता. काळी तयार होईपर्यंत मेंढरांच्या फासळ्या दिसू लागल्या होत्या, आणि माना घराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. तानुबाई मागच्या दाराने ये-जा करत होती.

त्या दिवशी मीही शंभूबरोबर वस्तीवर गेलो. दिवस मावळताना त्याने उंबऱ्याबाहेर काचेचा पेला ठेवून काळी बिअर ओतली. स्टाउटचा फेस दाट, साईसारखा. मोडत नाही, उमटलेली खूण धरून ठेवतो. वारं पडलं होतं. मेंढरांच्या माना एकदम पेल्याकडे झुकल्या. आम्हाला दिसलं ते एवढंच, की फेसाला एका कडेला खळगा पडला. ओठांएवढा. मग पेल्यातली काळी रेघ हळूहळू खाली गेली.

पेला अर्धा झाल्यावर माना परत वळू लागल्या. बाभळीकडे, मग ओढ्याकडे. एका म्हाताऱ्या मेंढीने खाली तोंड घातलं. तिच्यामागून सगळा कळप चघळू लागला आणि धुळ्याने पदर असल्यासारखे मुंडाशाच्या शेवाने डोळे पुसले. मग भाजलेल्या जोंधळ्याची मूठ वाटेवर उधळली.

शंभूला जरा धीर आला. म्हणाला, "आबांना आवडली म्हणायची."

"आबानं उभ्या जल्मात असलं काय तोंडाला लावलं न्हवतं," धुळा म्हणाला.

"मग?"

"ही वाट काय एकट्या आबाची हाय व्हय, मालक?"

तानुबाईने आम्हाला चहासाठी थांबा म्हटलं नाही. पांढरा चोथा परवा न्यायला येतो, काळा मात्र दुसऱ्या कुणाला द्या, असं धुळ्याने सांगितलं, आणि जाताना मागे बघू नका म्हणाला.

वडूज येईपर्यंत शंभूने गाडीचे तिन्ही आरसे फिरवून ठेवले होते. मागून कुणीतरी सारखा हॉर्न देत होतं. आम्ही बाजू दिली नाही.