गोदावरीच्या रांगेत एकेचाळिसावी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण मी सांगायला लागले की मलाच रडू येतं, आणि मग समोरच्याला हसायची चोरी होते. आमच्या जळकोटात आता मला कोणी सुजाता म्हणत नाही. "ए एकेचाळीस!" अशी हाक मारतात. का, ते ऐका.

दोन पावसाळे कोरडे गेले होते. मोठी माणसं मात्र नवीन जिल्ह्याचं बोलत. उदगीर जिल्हा होणार, जळकोट त्यात जाणार, आणि मग पाण्याची योजना येणार. माझे पप्पा एसटीत कंडक्टर. ते उदगीरहून आले की रोज सांगायचे, "होऊन राहिलाय बरं का जिल्हा!"

मम्मी विचारायची, "अन् पाणी?"

"ते त्याच्यामागून."

जिल्हा आला नाही, पाणीही आलं नाही. यायचा तो टँकर.

टँकर दिसला की पूर्वी हाणामारी व्हायची. एकदा कोणाचा तरी हंडा कोणाच्या तरी कपाळावर बसला. तेव्हापासून शेजारच्या कमलमावशींनी सगळा कारभार हातात घेतला. त्या सकाळी दारात पेन घेऊन बसायच्या आणि येईल त्याच्या हातावर नंबर टाकायच्या. चिठ्ठ्या दिल्या तर पोरं बदलायची, हात कसा बदलणार? टँकर आला तरी जागचं हलायचं नाही. मावशी नंबर पुकारणार, मग पुढं व्हायचं. "हातावर नंबर न्हाई, त्याला पाणी न्हाई!"

मम्मीच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं आमच्या घरचा नंबर माझा. वर्गात हजेरी देताना माझा आवाज बाहेर येत नाही. पण रांगेत उभं राहणं या एका विषयात मला पैकीच्या पैकी! कमलमावशी सगळ्यांना सांगायच्या, "सुजीला बघा जरा. खांबावानी उभी राहती!"

आयुष्यात मला मिळालेली ही एकच शाबासकी. आणि तिनंच घात केला.

शाळेत शेख सर आम्हाला पीटी शिकवतात. मी पळते चांगली, सायकलही दामटते, हे त्यांनी पाहिलं होतं. एक दिवस त्यांनी विचारलं, "बेटा, पोहता येतं का?"

येत होतं. निलंग्याजवळ मामाच्या विहिरीत शिकले होते. म्हणजे विहिरीत पाणी होतं तेव्हा.

"मग नांदेडला ट्रायथलॉन हाय, त्यात उतर. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. मधी दम खायचा न्हाई."

मी मान हलवली. मी नेहमीच हलवते. पण सर पुढं बोलतच होते. नांदेडच्या एका क्रीडा वसतिगृहाच्या मॅडम तिथं येणार होत्या. आठवीतली जी मुलगी वेळेच्या आत शर्यत पूर्ण करील, तिला त्या वसतिगृहात घेणार होत्या. फक्त आठवीतली. पुढच्या वर्षी मी नववीत, म्हणजे विषय संपला.

"तिथं सकाळी नळाला पाणी येतं," सर म्हणाले.

खरं सांगू? पदकबिदक माझ्या मनातही आलं नाही. त्या दिवसापासून मला डोळ्यांसमोर नुसता नळ दिसायला लागला.

घरी सांगितलं. पप्पा म्हणाले, "ही गेली तर इथं नंबर कोण लावणार?"

"तुमी लावा की," मम्मी म्हणाली. "रोज लोकांना तिकिटं देता, आता सोता रांगेत उभं राहून बघा."

सराव सुरू झाला. गावाबाहेरच्या खदानीत पाणी होतं तोवर मी पोहले. मग पाण्याचा चिखल झाला आणि चिखलाची माती. मग सरांनी मला शाळेच्या बाकावर पालथं झोपवलं आणि हातपाय मारायला लावले. खिडकीतून पाचवीची पोरं ओरडली, "सर, हिला काय झालं? मम्मीला बोलावू का?"

असा माझा सराव!

शर्यतीच्या दिवशी नांदेडला पोहोचलो. बंधाऱ्यामागं गोदावरी भरलेली. मी बघतच राहिले. सरांना सायकलींच्या जागेपुढं सोडत नव्हते. जाताना त्यांनी बजावलं, "घाबरू नको. तिथले लोक सांगतील तसं कर."

घाटावर टोपी घातलेल्या एक ताई होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि जाड काळ्या पेनानं दंडावर लिहिलं, ४१.

आता तुम्हीच सांगा. समोर पाणी, भोवती गर्दी आणि हातावर नंबर. मी काय समजायचं?

मग त्यांनी पोटरीवरही तोच आकडा काढला. मला वाटलं, माणशी दोन हंडे देत असतील. विचारावं म्हटलं, पण विचारायला तोंड उघडावं लागतं.

मी घाटाच्या पायरीवर जाऊन नीट उभी राहिले. खांबासारखी.

शिट्टी वाजली. आणि जो तो पाण्याकडं धावला! ढकलाढकली, धपाधप उड्या, एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यात. टँकर दिसला की आडदांड माणसं घुसतात, अगदी तस्संच. मी मनात म्हटलं, एवढी शिकलेली माणसं, अंगात एवढे भारी कपडे, आणि काडीची शिस्त नाही?

पाण्याला बिचकणारे काहीजण मागं रेंगाळले होते. त्यांतल्या एक काकू माझ्या पुढं जायला लागल्या. लाजरी असले तरी रांगेचा विषय आला की मला कंठ फुटतो.

"काकू, तुमचा बासष्ट आहे. माझा एकेचाळीस. मागं या."

काकू थबकल्या. "अगं, पण शिट्टी झाली ना?"

"शिट्टी पाणी आल्याची असते. नंबर अजून पुकारायचेत."

मागून एक टक्कल पडलेले काका आले. "पोरगी बरोबर बोलून राहिली. मी लातूरचा हाय, मला सगळं म्हाईत हाय. पाणी म्हटलं की नंबरनंच." आणि स्वतःच्या दंडावरचा अठ्ठेचाळीस दाखवून ते माझ्या आणि काकूंच्या मध्ये उभे राहिले.

कॉलेजातली दोन पोरं आली. "मामा, पंचावन्न कुठं?"

"माझ्या मागं. अन् ढकलायचं न्हाई!"

काय रांग लागली म्हणून सांगू! पायरीपायरीनं, चढत्या क्रमानं. कमलमावशींनी पाहिली असती तर डोळ्यांत पाणी आलं असतं.

मला एकच काळजी. आपला नंबर येईपर्यंत पाणी उरेल का? या काठापासून त्या काठापर्यंत गोदावरी पसरलेली, तरी मनात येतंय, काय भरवसा!

शेवटी टोपीवाल्या ताई धावत आल्या. "ओ, तुम्ही का थांबलात?"

"नंबर पुकारा की!" लातूरचे काका म्हणाले. "ही पोरगी कधीची उभी हाय."

"कसला नंबर?"

मी दंड पुढं केला.

ताईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, तो तुला ओळखायला लिहिलाय! पहिले लोक पोहून बाहेर पडले, सायकलवर बसले सुद्धा!"

सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. काका "पोरी..." एवढंच म्हणाले आणि नाक धरून त्यांनी उडी टाकली.

मीही टाकली. पाणी गळ्याशी आलं आणि मला रडूच कोसळलं. पोहताना एक बरं असतं, रडलेलं कोणाला दिसत नाही.

सायकलपाशी सर येरझाऱ्या घालत होते. "कुठं होतीस बेटा? मला वाटलं बुडालीस!"

"रांगेत होते, सर."

"कुठल्या रांगेत?"

सांगायला वेळ कुठं होता? मी सायकल अशी हाणली की चेन कुरकुरली. मग पळाले. डोक्यावर हंडा नसताना पळणं किती सोपं असतं! कितीतरी जणांना मागं टाकलं. पण शेवटाला पोहोचले तेव्हा माणसं कमान उतरवत होती.

वसतिगृहाच्या मॅडम घड्याळ बघून म्हणाल्या, "पळतेस छान. पण वेळ टळली गं. इतका उशीर का झाला?"

मी सरांकडं बघितलं. सरांनी माझ्याकडून कसंबसं काढून घेतलं आणि त्यांना सांगितलं. मॅडम हसल्या. मग माझा चेहरा बघून थांबल्या. "वाईट वाटतं. पण तुला सूट दिली तर वेळेत आलेल्या मुलींना मी काय सांगू?"

त्यांचंही बरोबर होतं. मध्ये घुसलेलं मला तरी कुठं चालतं?

घरी आले. पप्पा म्हणाले, "जिल्हा झाला की उदगीरलाच वसतिगृह होईल बघ." मम्मीनं मला पाण्याचा पेला दिला, तोही अर्धा. कारण रांगेत पप्पा कोणाला तरी जिल्ह्याचं समजावत बसले, पुकारलेला नंबर त्यांना ऐकूच आला नाही, आणि शेवटी एकच हंडा पदरात पडला. त्यात आंघोळ कुठली? शाई तशीच दंडावर.

दुसऱ्या दिवशी उठायला उशीर झाला. कमलमावशींकडं नंबर घ्यायचा राहिला. पण मी मनाशी पक्कं केलं होतं, आता थांबायचं नाही. आवाज झाला की उडी!

टँकरनं वळणावर हॉर्न दिला आणि मी दोन हंडे घेऊन अशी सुटले की सगळ्यांच्या आधी नळीपाशी! जन्मात पहिल्यांदा पहिली आले.

मागून वेणी ओढली गेली. कमलमावशी. "सुजे? तू? तू पण?"

मी खाली मान घातली.

"नंबर दाखव."

मी रिकामा हात वर केला. बाही सरकली.

"हाय की! एकेचाळीस. अन् केवढा ठसठशीत! मग घुसतीस कशाला?"

"मावशी, तो नांदेडचा..."

"नांदेडचा असू दे न्हाई तर दिल्लीचा. हातावर हाय तो नंबर. चल, चाळीसच्या मागं!"

सगळी गल्ली हसत होती. मी मागं जाऊन उभी राहिले. खांबासारखी. उन्हं वर आली.

आणि नांदेडला ज्याची मी एवढी वाट पाहिली, ते शेवटी जळकोटात घडलं. कमलमावशींनी मोठ्यानं पुकारलं, "एकेचाळीऽऽस!"

मी दोन्ही हंडे घेऊन ऐटीत पुढं झाले. नळीतून दोन थेंब पडले आणि टँकर संपला.