नखाखालचा निळा ठिपका

माझ्या उजव्या अनामिकेची हकीकत तुम्हाला फोनवर नीट सांगता आली नाही, कारण तुम्ही दोघं सारखी नेटवर शोधून मला नवनवे आजार सुचवत होतात. म्हणून आता क्रमाने लिहिते.

बोट दिसायला ठणठणीत होतं. सूज नाही, लाली नाही. पण फ्रिजमधून दुधाचं पातेलं काढलं की नखाखाली तापलेली सुई खुपसल्यासारखी कळ यायची, ती थेट खांद्यापर्यंत. हाडांच्या डॉक्टरांनी माझं वय विचारलं आणि तेवढ्यावरच त्यांचं निदान झालं. दुसऱ्यांनी मानेचा एमआरआय काढून ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून सांगितलं. बारामतीत गॅप नसलेला मणका मी अजून पाहिलेला नाही. इंदापूरच्या एका मालिशवाल्याने बोट धरून ओढलं. त्याला मी इंग्रजीत काय म्हणाले, ते तुम्ही मोठे झालात की सांगेन. शेवटी एका डॉक्टरांनी तुमच्या आजोबांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, “घरात काही टेन्शन?”

“आहे ना,” आजोबा म्हणाले. “मला.”

मी रोज सकाळी चहाच्या आधी ब्लडप्रेशर मोजते. पट्टा दंडाला घट्ट आवळला की बोटातली कळ थांबते आणि सैल पडला की परत येते, हे माझ्या लक्षात आलं. मग मी येता-जाता प्रेशर मोजायला लागले. आजोबांना वाटलं, हिने मरणाची धास्ती घेतली. वालचंदनगरच्या कारखान्यात त्यांची नोकरी यंत्रं दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे त्यांनी बायकोऐवजी मशीन तपासायला घेतलं. उघडलं, पुसलं, बंद केलं. ते बंदच राहिलं.

म्हणून मी गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात प्रेशर मोजायला गेले. तिथे नवीनच आलेली एक डॉक्टरीण होती.

“पट्टा जरा तसाच राहू दे,” मी म्हटलं.

“का हो, आजी?”

“तेवढा वेळ बोट दुखत नाही.”

तिने पेन खाली ठेवलं. एक टाचणी घेतली आणि तिच्या बोथट टोकाने नखावर जागोजागी दाबत गेली. इथे काही नाही, तिथे काही नाही, आणि मग एका जागी मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. बॅटरीच्या उजेडात तिथे अगदी पुसटसा निळा ठिपका दिसला.

थंडी-उष्णता ओळखून रक्त कमी-जास्त सोडणारी बारीक यंत्रणा आपल्या बोटांत असते. तिच्यात कधी गाठ होते, तिला ग्लोमस ट्यूमर म्हणतात. रक्त अडवलं की तिची कळ थांबते. “गाठ बहुतेक साधी असते, काढली की संपलं,” ती म्हणाली. सर्जनने नख उचलून मसुरीच्या दाण्याएवढी गाठ काढली. कळ गेली.

आठवडाभराने रिपोर्ट आला आणि सर्जनचा चेहरा पडला. पेशींची केंद्रकं मोठी, काळी, वेडीवाकडी होती. गाठीचा काप लावलेली काच पुण्याला पक्क्या तपासणीसाठी जाणार होती, आणि तिथून वाईट उत्तर आलं तर बोटाचं टोक कापावं लागणार होतं.

बातमी पिंपळीला पोचायला एक दुपार पुरली. माझी नणंद डाळिंबांचं खोकं घेऊन आली आणि माझ्याकडे बघत बसली.

“वैनी, बोट कापत्यात म्हनं?”

“अजून नाही.”

“न्हाय, पर कापलं तर कुकू कुठल्या बोटानं लावायचं? त्ये ह्याच बोटाचं काम हाय.”

“मी टिकली लावते. ती कुठल्याही बोटाने चिकटते.”

“चेष्टा नका करू. हितं जीव खालीवर व्हतोय माजा.”

जीव माझाही खालीवर होत होता. रात्री मी ते बोट मिटून झोपायचे. पण नणंदेला ते सांगितलं असतं तर ती मुक्कामच ठोकून राहिली असती.

उत्तर आलं तेव्हा आम्ही दोघं पुण्यालाच गेलो. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी सांगितलं, की हा ग्लोमसचाच एक दुर्मीळ प्रकार आहे. पेशी दिसतात भयंकर, पण त्यांतली एकही पेशी विभागत नाही. या नुसत्या जुन्या होऊन बेढब झाल्यात, कॅन्सर नाही. बोट शाबूत राहणार.

आजोबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग विचारलं, “म्हणजे दिसायला गुंड, पण कामधंदा काही नाही?”

“अगदी तसंच,” बाई हसल्या. “बघायच्यात का?”

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जांभळ्या रंगाची गर्दी होती. मोठमोठी डोकी, वाकडी तोंडं, एकमेकांच्या अंगावर रेलून बसलेली, आणि कुणाचाच काडीचा उपयोग नाही. तुमच्या आजोबांच्या बाजूची सगळी मंडळी लग्नाच्या मांडवात बसलेली असावीत, तसं दिसलं. मी तसं मोठ्याने म्हटलं. आजोबांनी मला बाजूला सरकवून स्वतः डोळा लावला, एक-दोन मिनिटं बारकाईने पाहिलं, आणि म्हणाले, “डावीकडून तिसरा आमचा मामा आहे.”