खिडकीला अडलेली भिंत

"अगं पण भिंतीची भोकं बुजवलीस कशाला?"

"मग काय करू? धुतल्या कपड्यांवर तांबडं पाणी गळतंय, झुरळं आत येतायत. तुम्हाला साऱ्या गावच्या भिंतींची काळजी, घरचीला कोण बघणार? शिंप्याकडून चिंध्या आणल्या, कोंबल्या, वरून सिमिट थापलं. त्यानंतर एक थेंब गळलेला नाही."

"तेच तर!" म्हणून ठोक्या मटकन खाली बसला.

झालं होतं इतकंच, की सकाळी खोलीची मागची खिडकी उघडेना. पाऊस दमदार झाला होता, म्हणून आधी वाटलं लाकूड फुगलं. फळी ढकलून बघितली तर ती मागच्या डोंगराच्या भिंतीला अडत होती. लाकूड होतं तेवढंच होतं. भिंत पुढं आली होती.

हे शहर म्हणजे समुद्रात पाय सोडून बसलेला डोंगर. बंदर मोठं झालं, माणूस लोटला, आणि सपाट भुई तर तळहाताएवढी. मग डोंगर फोडायचा, समुद्रात ढकलायचा आणि त्या भरावावर गोदामं उभी करायची, असं चाललं. डोंगराचं जे अंग उघडं पडलं त्याला आधाराच्या भिंती बांधल्या. भिंतीच्या डोक्यावर इमारती, पायाशी खोल्यांच्या रांगा, आणि माणसं दाराच्या फटीत बोट सापडावं तशी मधी. डोंगर आत काळ्या दगडाचा, पण वरचा थर कुजून मुरूम झालेला. मुरूम पाणी पितो आणि म्हशीसारखा फुगतो. ते पाणी निघून जावं म्हणून भिंतीला भोकं ठेवलेली असतात.

ती भोकं गजानं साफ करायची आणि भिंत हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा, हाच ठोक्याचा धंदा. खण वाजली तर बरी. बद वाजली तर तिच्यावर तांबडी फुली मारायची, मग साहेबलोक येऊन खालची रांग रिकामी करतात. ठोकायची खोड अशी, की मुलगी बघायला गेला तेव्हा त्यानं आधी सासऱ्याची भिंत ठोकली होती. म्हातारा म्हणाला होता, "जावईबापू, पोरगी भिंतीत चिणलेली नाही, आत बसलीय."

असा हा गडी, आणि त्याच्या पाठीशी असलेल्या भिंतीची भोकं बंद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गज, हातोडी आणि पिशवी घेऊन तो मागच्या फटीत शिरला. आडवंच शिरावं लागलं. छातीला भिंत, पाठीला घर. सिमिट फोडलं, चिंधी ओढली, आणि पाण्याची धार सुटली.

"निघालं ना पाणी? मग झालं तर!" खिडकीच्या फटीतून बायको म्हणाली.

ठोक्यानं धार ओंजळीत धरली. बोटांना मुरमाची कचकच लागली.

"पाणी नाही गं. डोंगर निघालाय."

हातोडी मारली. बद. कमरेशी, डोक्याशी, हात पोचेल तिथवर बद.

तो आवाज ऐकून शेजारचा शिंपी फटीच्या तोंडाशी आला. "ठोकेदादा, पाया पडतो, फुली मारू नका. इथनं उठवलेलं माणूस खाडीपलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांत जातं, परत आलेलं कुणी बघितलंय? माझं गिऱ्हाईक सगळं या बोळात. तुम्ही नाही बोललात तर भिंत थोडीच बोलणार आहे?"

"बोलली म्हणजे एकदाच बोलेल."

"पण भोकं बुजवली कुठल्या शहाण्यानं? त्याला आधी—" म्हणता म्हणता शिंप्याची नजर खाली पडलेल्या चिंध्यांवर गेली. निळ्या पट्ट्यांचं कापड. त्याच्याच कात्रीतलं. त्याचं तोंड उघडं ते तसंच राहिलं.

बायको हळू आवाजात म्हणाली, "मारली तर सारी रांग माझ्या नावानं बोटं मोडील हो. आणि जायचं कुठं?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नुसती भोकं मोकळी करून गप्प बसावं, हेही ठोक्याच्या मनात आलं. पण पायाशी तांबडा गाळ साठत होता आणि धार काही निवळत नव्हती.

त्यानं चिंध्या गोळा करून आपल्या पिशवीत कोंबल्या. मग रंगाचा डबा उघडून कुंचला बुडवला. फटीत हात पुरता वळेना, त्यामुळं फुली वाकडी उमटली. पण फटीच्या तोंडाशी उभ्या माणसालाही दिसेल एवढी मोठी.

शिंपी यंत्र आवरायला गेला. बायकोनं दोरीवरचे ओले कपडे तसेच ओढून घेतले, त्यांचं गाठोडं बांधलं आणि खिळ्यावरची पातेली काढायला लागली. त्याच्याकडं बघितलं नाही.

"साहेबांना कळवायला मुकादमाला सांगतो आणि तसाच पुढं जातो," तो म्हणाला. "गोदामामागची भिंत ठोकायची राहिलीय. दुपारच्या आत तू बाहेर पड."

"भाकरी घेऊन जा. संध्याकाळी चूल कुठं मांडायची ते ठरलेलं नाही."

मुकादमाच्या कानावर घालून ठोक्या गज खांद्यावर टाकून गोदामामागं गेला. तिथली भिंत जुनी, शेवाळलेली. त्यानं ठोकली, कान लावला. खण. खालचं पहिलं भोक गाळानं भरलं होतं. त्यात गज घातला.